पाण्यानें राखलेलीं घरें

इ. स. १८५३-५४ च्या हिवाळ्यांत स्वित्झर्लंडमधील झुरिच सरोवराचें पाणी फार ओसरलें. ओबरमाइलेन येथील लोक उघडी पडलेली कांठची जमीन भरून घेऊं लागले, तों चिखलांत लांकडी खुंटांच्या रांगा, दगडी कुऱ्हाडी व हाडें निघालीं. योहानेस एप्ली या तेथील शिक्षकानें ही वार्ता झुरिचच्या पुराणवस्तु-मंडळास कळविली. मंडळाचे फर्डिनंड केलर यांनीं पाहणी करून, प्राचीन लोक पाण्यावर मचाण घालून त्यावर राहत, असें प्रतिपादिलें. पुढें असें दिसून आलें कीं, यांपैकीं पुष्कळ घरें कांठच्या ओलसर जमिनीवरच उभीं होतीं.

हजारों वर्षांचें लांकूड कुजलें कसें नाहीं, असें विद्यार्थी विचारतील. कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांस हवा लागते. पाण्याखालच्या चिखलांत ती पोंचत नाहीं. म्हणूनच तेथें विणलेलें कापड व मासे धरण्याचीं जाळींहि टिकलीं. खुंटांतील वर्षवलयें मोजून झाड कोणत्या सालीं तोडलें हेंहि आतां सांगतां येतें. आल्प्स पर्वताभोंवतालच्या सहा देशांतील अशीं १११ स्थळें २०११ सालीं जागतिक वारशांत गणलीं गेलीं.

आपल्याकडे मात्र लांकूड मातीस मिळतें. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ ते १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं उत्खनन करून सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचीं १३० हून अधिक घरें उजेडांत आणलीं. खांब कुजून गेले होते. त्यांच्या खळग्यांत भरलेल्या निराळ्या मातीवरून घर गोल होतें कीं चौकोनी, हें त्यांनीं ओळखलें.

आमच्या कळमन्याहून नागपूर ओलांडून काटोलच्या वाटेनें गेल्यास जुनापाणी लागतें. तेथील शिळावर्तुळें लोहयुगांतील लोकांच्या मृतांचीं स्मारकें होत. रिव्हेट-कार्नाक यांनीं त्यांची माहिती १८७९ सालीं प्रसिद्ध केली. मृतांचे दगड टिकले. जिवंतांचीं मातीचीं घरें लोपलीं. टाकळघाट येथें त्या काळच्या वस्तीचे थर व नैकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली, म्हणून त्यांच्या नित्य व्यवहाराची थोडी ओळख आपणांस झाली.

अशा ठिकाणचा दगड वाहून नेला, किंवा जुन्या पांढरीची माती शेतांत टाकली, कीं तें पान कायमचें फाटतें. यास्तव शेतांत वा विहीर खणतांना कांहीं जुनें आढळल्यास मुलांनीं तें जागचें हलवूं नये. आपल्या शिक्षकांस कळवावें, व वडीलधाऱ्यांनींहि त्यांस साह्य करावें. ओबरमाइलेनच्या शिक्षकानें याहून अधिक कांहीं केलें नव्हतें. परंतु तेवढ्यानेंच एका विस्मृत लोकसमाजाचा इतिहास जगास कळला.