कायदा शिका, पण एकटाच नको

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की, मुलगी ‘मला वकील व्हायचंय’ म्हणाली की आई आधी तिच्याकडे पाहते आणि मग तिच्या वडिलांकडे. डॉक्टर चालेल, शिक्षिका तर फारच छान, बँकेत लागली तर पेढे वाटू, पण वकील? आणि आता त्यात नवेच ऐकू येऊ लागले आहे. नुसता कायदा नाही, त्याच्या जोडीला मानवी हक्कांचा अभ्यास, आणि दोन्ही एकाच वेळी. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत कायद्याबरोबर दुसऱ्या विषयाची पदवी एकदम घेण्याची रीत रूढ आहे. तिकडच्या मामा-मावशांच्या तोंडून ‘डबल डिग्री’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, आणि आई म्हणते, ‘अगं, एक पोळी नीट भाजून होऊ दे, मग दुसरी तव्यावर टाक!’

आईचे चुकत नाही. पण या दोन पोळ्या वेगवेगळ्या नाहीत, असे मला वाटते. का, ते आपल्या इगतपुरी तालुक्यातल्याच एका घटनेवरून सांगते.

२०२२ सालच्या सप्टेंबरमध्ये तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीवरची, जेमतेम दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली. तिच्या मृत्यूनंतर सगळा प्रकार बाहेर आला. वस्तीवरची मुले दुसऱ्या जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे कामाला ठेवलेली होती, आणि बदल्यात घरच्यांच्या हाती पडले होते काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले, गुन्हे नोंदवले गेले, मुलांची सुटका झाली. आपण हळहळलो, ‘कसले हे आईबाप’ असेही कुणीकुणी म्हणाले, आणि पान उलटले.

आता पाहा. वेठबिगारी बंद करणारा कायदा या देशात १९७६ पासून आहे. उचल देऊन माणसाला बांधून ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इतकेच नव्हे, तर ज्या उचलीपायी माणूस बांधला गेला ती उचल, ते कर्ज, कायद्याने आपोआप रद्द होते. फेडायचे नसते! जिल्ह्याला आणि प्रांताच्या पातळीवर दक्षता समिती असावी, हेही त्यात लिहिले आहे. म्हणजे कागदावर काही कमी नव्हते. ज्या वर्षी इगतपुरीच्या टेकडीवर धम्मगिरीचे केंद्र उभे राहिले, त्याच वर्षीचा हा कायदा. धम्मगिरीची कीर्ती जगभर गेली. कायदा मात्र तालुक्यातल्या वाडीपर्यंतसुद्धा गेला नाही.

कायदा शिकलेली मुलगी तुम्हाला कलम काढून दाखवील. पण ज्यांच्या घरात सहा महिने काम नसते, ज्यांच्या हाती ना जमिनीचा तुकडा ना धड कागदपत्रे, अशा आईला ते कलम कुणी सांगायचे? मूल मेंढ्यांमागे पाठवले तर निदान पोटभर खाईल, असा हिशोब ती करते तेव्हा तिच्या मनात काय असते? कातकरी ही महाराष्ट्रातल्या आदिम म्हणून गणलेल्या जमातींपैकी एक. ती या हालाला कशी आली, सरकारची जबाबदारी कुठे सुरू होते, आणि पोलिसांनी नोंद घेतली नाही तर पुढचे दार कुठले, हे शिकवणारा विषय म्हणजे मानवी हक्क. एक विषय ‘कसे’ सांगतो, दुसरा ‘कुणासाठी’ ते विचारतो. एकाशिवाय दुसरा पांगळा.

हे काही नवे खूळ नाही. आपल्या नाशिकात १५ नोव्हेंबर १८६६ रोजी जन्मलेली एक मुलगी हेच शिकायला सातासमुद्रापार गेली होती. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती गुणांवर तिलाच मिळायची, पण ती पडली बाई! शेवटी इंग्लंडमधल्या काही बायकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ साली तिने कायद्याची परीक्षा दिली, ती देणारी तिथली पहिली स्त्री. पदवी हातात पडली केव्हा? १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! भारतात स्त्रियांना वकिलीचे दार उघडणारा कायदा आला तो १९२३ साली. तेव्हा कॉर्नेलियाबाई पंचावन्न वर्षे ओलांडून गेल्या होत्या.

पण मधली वर्षे त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांची आठवण काढली. बंगाल-बिहारकडच्या जमीनदार घराण्यांतल्या गोषातल्या विधवा, ज्यांच्या नावावर इस्टेट असे पण ज्यांना परक्या पुरुषासमोर, म्हणजे वकिलासमोरही, येता येत नसे, अशांसाठी एक बाईच हवी, हे त्यांनी सरकारला पटवले. १९०४ पासून सरकारी सल्लागार म्हणून त्या पालखीतून, बोटीतून, हत्तीवरूनसुद्धा या बायकांपर्यंत गेल्या. सुमारे सहाशे स्त्रिया आणि अनाथ मुलांची कामे त्यांनी पाहिली असे सांगतात. राजकारणात त्या इंग्रजांच्या बाजूच्या होत्या, ते आपल्याला रुचणार नाही. असो. पण कायदा घेऊन घराच्या आतल्या खोलीपर्यंत कसे जायचे, हे त्यांच्याकडून शिकावे.

आणि दोन अभ्यास एकदम करण्याचे उदाहरण हवे असेल तर बाबासाहेब आंबेडकर आहेतच. १९१६ साली लंडनला गेले ते एकीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि दुसरीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घालून. पुढे २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, त्यामागे हा दुहेरी अभ्यास होता.

आता कामाचे बोलू. तुमच्या मुलीला, किंवा संसाराची पंधरा वर्षे झाल्यावर तुम्हालाच, हे शिकायचे असेल तर?

बारावीनंतर पाच वर्षांचा बी.ए.एलएल.बी. हा अभ्यासक्रम असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत तोच दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम मानला आहे. राज्यशास्त्रासारखा विषय त्यात कायद्याबरोबर चालतो. आधीच पदवीधर असाल तर तीन वर्षांचा एलएल.बी. दोन्हींना राज्याची सी.ई.टी. द्यावी लागते. बारावीला वा पदवीला, जिथे जे लागू ते, खुल्या गटात निदान ४५ टक्के हवेत. राखीव गटांना सवलत आहे. मानवी हक्क हा विषय कायद्याच्या अभ्यासक्रमात असतो, पण बहुधा ऐच्छिक. तो निवडावा.

वेगळा अभ्यास जोडायचा तर नियम नीट समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास परवानगी दिली, हे खरे. पण बार कौन्सिलचा २००८ चा नियम कायद्याच्या विद्यार्थ्याला दुसरा नियमित अभ्यासक्रम करू देत नाही. सूट आहे ती विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून चालणाऱ्या अभ्यासक्रमाला. म्हणजे कायदा वर्गात बसून, आणि मानवी हक्क घरी बसून! इग्नूचा मानवी हक्कांचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बारावी झालेल्यांसाठी आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची पदवीधरांसाठी एक वर्षाची दूरशिक्षण पदविकाही आहे. या वर्षी प्रवेश सुरू आहेत का, ते मात्र पाहून घ्या, आणि कॉलेजच्या कार्यालयातून ‘चालेल’ हे लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय हो’ उपयोगाचे नाही.

उलट मात्र चालत नाही, बरं का! ‘घरबसल्या एलएल.बी.’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. टपालाने मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. वर्गात ७० टक्के हजेरी लागते.

आणि इगतपुरीच्या बाईची खरी अडचण इथेच आहे. हजेरी म्हणजे रोज नाशिक. एन.बी.टी. आणि मराठा विद्या प्रसारकचे अशी विधी महाविद्यालये नाशिकला आहेत. पण गाडीने गेलात तर नाशिकरोडला उतरून पुन्हा शहरापर्यंत बस, एसटीने गेलात तर सी.बी.एस. जाण्यायेण्यात तीन तास सहज मोडतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडचे धुके नि पाऊस काय ते तुम्ही जाणताच. पहाटेचा डबा, सासूबाईंचे औषध, धाकट्याची शाळा, हे सारे कोण पाहील याचे बोलणे घरात सी.ई.टी.च्या अर्जाआधी व्हायला हवे. ‘बघू पुढचं पुढे’ म्हणून सुरुवात केली की गाडी दुसऱ्या सत्रात हजेरीवर अडते. नवऱ्याने आठवड्यातले दोन दिवस तरी स्वयंपाकघर सांभाळायचे, असे आधीच ठरवून टाका. तुम्ही पदवीधर असाल तर पाचऐवजी तीन वर्षांचाच हिशोब आहे, हेही त्यांच्या कानावर घाला.

पदवी जमणारच नसेल, तर आणखी एक वाट आहे. विधी सेवा प्राधिकरणे विधी स्वयंसेवक नेमतात. त्यासाठी वकील असावे लागत नाही. दहावी झालेल्यांना प्राधान्य असते. थोडे प्रशिक्षण आणि कामाच्या दिवसांचे मानधन मिळते. काम काय? वाडीवर जायचे, ऐकून घ्यायचे, अर्ज लिहून द्यायचा आणि योग्य दारी पोचवायचा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळू शकतो. मुलांना आणि अनुसूचित जातीजमातींच्या लोकांनाही. हे निम्म्या बायकांना ठाऊकच नसते.

आणि मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला फी नाही. राष्ट्रीय आयोग १९९३ साली स्थापन झाला; त्याच्याकडे मराठीतही लिहिता येते. घटना कुठे, केव्हा घडली, कुणावर अन्याय झाला आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय केले नाही, एवढे साध्या कागदावर पुरे. मात्र घटनेपासून वर्षाच्या आत. वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही. म्हणून तक्रारीत तारीख आधी लिहा, बाकीचे मागाहून.