गव्हर्नरचा पुतळा फोडणाऱ्या दोघी आणि मताच्या हक्काची विसरलेली तारीख

कोल्हापूरच्या शिवाजी चौकातून रोज हजारो लोक जातात. चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. पण या जागी आधी कुणाचा पुतळा होता, हे आजच्या पोरांना विचारलं तर दहातले दोन-तीनच सांगू शकतील.

तो होता सर लेस्ली विल्सन यांचा, म्हणजे मुंबई इलाख्याच्या इंग्रज गव्हर्नरचा. १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा हा पुतळा कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत खुपायला लागला. त्यावर पहिला घाव घातला तो भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायकांनी. भर चौकात त्यांनी पुतळ्यावर डांबर ओतलं, हातोड्यानं तो विद्रूप केला आणि तुरुंगवास पत्करला. पुढे १९४४ मध्ये क्रांतिकारक तरुणांनी पुतळा साफ उद्ध्वस्त केला. १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं त्याच जागी बाबूराव पेंटर यांनी घडवलेला शिवरायांचा पुतळा बसला.

चौक, पुतळा आणि कोल्हापूरकर हे नातं एवढं जुनं आहे. ९ डिसेंबर १९५० ला माधवराव बागल यांनी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसवले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेला महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेली ही राणी घोड्यावर तलवार घेऊन शहराच्या तोंडाशीच भेटते. त्यांच्या संगम माहुलीतल्या समाधीचा जीर्णोद्धार व्हावा, ही मागणीही कोल्हापूर आणि साताऱ्यातून वर्षानुवर्षं होते आहे.

म्हणजे बाईचा पुतळा उभारायला कोल्हापूरचा नकार नाही. पण ती राणी आहे, लढवय्यी आहे. ज्या बायकांनी तलवार न घेता अर्ज, सभा आणि ठराव करून हक्क मिळवले, त्यांचं काय? हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही, सगळ्या महाराष्ट्राचा आहे.

मताचा हक्क आपोआप आला नाही

भारतातल्या बायकांना मताचा हक्क स्वातंत्र्याबरोबर आयता मिळाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं झालेलं नाही. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री मोंटेग्यू यांना भेटलं. मागणी होती, पुरुषांना जो मताधिकार द्याल तोच आम्हाला द्या. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या आणि तिथं हीच बाजू मांडत राहिल्या. पण इंग्रज सरकारनं निर्णय स्वतः न घेता प्रांतांच्या कायदेमंडळांवर ढकलला.

मग लढाई इलाख्या-इलाख्यात सुरू झाली. मुंबई इलाख्यात पुढे होत्या रमाबाई रानडे. सध्याच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेत जन्मलेल्या, म्हणजे कोल्हापूरच्या शेजारच्याच. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी आणि सेवासदनच्या संस्थापक म्हणून त्या लोकांना माहीत आहेत, पण मताधिकाराच्या चळवळीतलं त्यांचं काम फारसं सांगितलं जात नाही. १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबईच्या कौन्सिलनंही बायकांना मताचा हक्क दिला.

अट मात्र मोठी होती. मालमत्ता किंवा कर भरल्याचा पुरावा लागायचा, त्यामुळे मत द्यायला पात्र ठरलेल्या बायका मूठभरच. १९३५ च्या कायद्यानं ही संख्या वाढवली, पण त्यातही पात्रतेचा एक निकष होता मालमत्ताधारकाची बायको असणं. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं मत!

यात कोल्हापूर कुठं होतं? कोल्हापूर हे संस्थान होतं, त्यामुळे मुंबई कौन्सिलचा १९२१ चा नियम इथं लागूच नव्हता. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५० मध्ये राज्यघटना आली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या बाईनं जमीन, कर, शिक्षण, नवरा असं काहीही न विचारता, पुरुषाच्या बरोबरीनं लोकसभेसाठी मत दिलं.

त्या निवडणुकीतली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. मतदारयाद्या करताना देशातल्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख त्यांनी दिली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही अशी भूमिका घेतली. नाव सांगायला मुदत वाढवून दिली. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली. यातल्या बहुतेक उत्तर आणि मध्य भारतातल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, २५ जानेवारीला मतदार दिवस असतोच की. असतो, २०११ पासून. पण तो निवडणूक आयोगाच्या स्थापनेचा दिवस आहे. बायकांच्या मताधिकाराचा वेगळा दिवस आपल्याकडे साजरा होत नाही. न्यूझीलंडमध्ये १९ सप्टेंबर हा दिवस सगळ्यांना माहीत असतो, कारण १८९३ मध्ये त्या दिवशी तिथल्या बायकांना मत मिळालं.

लंडनमध्ये काय झालं?

८ मार्च २०१६ ला कॅरोलिन क्रियाडो पेरेझ ही लेखिका लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमधून पळत होती. तिच्या लक्षात आलं, इथं ११ पुतळे आहेत आणि सगळे पुरुषांचे. त्यात महात्मा गांधीही आले. तिनं ऑनलाइन याचिका टाकली, लोकांनी हजारोंनी सह्या केल्या. २४ एप्रिल २०१८ ला मताधिकारासाठी आयुष्यभर झगडलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा तिथं उभा राहिला. चौथऱ्यावर चळवळीतल्या आणखी ५९ जणांचे चेहरे आणि नावं आहेत. एकटीचा पुतळा करून बाकीच्यांना विसरायचं नाही, ही त्यातली शहाणी गोष्ट.

कोल्हापुरात असं काही करायचं तर? पुतळा हा मार्ग वाटतो तेवढा सोपा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते, फुटपाथ अशा जागांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नका असा आदेश दिला. राज्य सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीपासून कला संचालनालयानं मातीचं मॉडेल मंजूर करण्यापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत. त्यापेक्षा चौकाला किंवा रस्त्याला नाव देणं हलकं काम, कारण ते महापालिकेच्या ठरावानं होतं. शिवाजी चौकाच्या कडेला दोन ओळींची पाटी लावून भागीरथीबाई आणि जयाबाईंची गोष्ट सांगायला तर फार खर्चही येणार नाही.

आणि स्मारक म्हणजे फक्त दगडच का?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ ते १९२० या काळात विधवा पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह, घटस्फोट, बायकांचा छळ रोखणं आणि जोगतिणी-देवदासींचं संरक्षण यांसाठी एकामागून एक कायदे केले. १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत गेला. लहान वयात विधवा झालेल्या सून इंदुमतीदेवींना त्यांनी पडद्याआड बसवलं नाही, विरोध पत्करून शिकवलं.

६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या निधनाला १०० वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं. त्याच आठवड्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं, सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या काळात, ग्रामसभेत एक ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवी मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात तरुण विधवांचे हाल बघून ही मोहीम हाती घेतली होती. शाहूंच्या स्मृतिशताब्दी वर्षात शाहूंच्याच जिल्ह्यातल्या गावानं ती पहिल्यांदा उचलली.

१७ मे २०२२ ला राज्याच्या ग्रामविकास विभागानं हेरवाडचा आदर्श बाकीच्या ग्रामपंचायतींनीही घ्यावा असं परिपत्रक काढलं. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनंही असाच ठराव केला. १९२० मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब ज्या परिषदेत एकत्र आले, ते हेच माणगाव.

अशा ठरावाला कायद्याची ताकद नाही. कुणी प्रथा पाळली तर ग्रामपंचायत दंड करू शकत नाही. दारात सासरचे, माहेरचे, भावकी सगळे उभे असताना बांगड्यांवर हात टाकायला कुणी पुढे आलं, तर बाकीच्यांपैकी एकानं "हे आपल्या गावात बंद झालंय" एवढं म्हणावं लागतं.