संग्राम जगताप

संग्राम अरुण जगताप हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील राजकारणी असून महाराष्ट्र विधानसभेत अहमदनगर शहर मतदारसंघाचे आमदार आहेत. आमदार होण्यापूर्वी ते दोन वेळा अहमदनगर महानगरपालिकेचे महापौर होते. महापालिकेतून विधानसभेत आणि तेथून लोकसभेच्या रिंगणात असा त्यांचा राजकीय प्रवास आहे.

== पार्श्वभूमी ==
अहमदनगरची नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली. २००३ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. संग्राम यांचे वडील अरुण जगताप हे नगरपालिकेच्या काळात नगराध्यक्ष होते. पुढे जिल्ह्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून ते विधान परिषदेवर निवडून गेले. २ मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

== महापौरपद ==
डिसेंबर २००८ च्या महापालिका निवडणुकीनंतर संग्राम जगताप राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाकडून प्रथम महापौर झाले. २०११ मध्ये हे पद शिवसेनेकडे गेले. डिसेंबर २०१३ च्या निवडणुकीनंतर जगताप पुन्हा महापौर झाले.

महाराष्ट्रात महापौराची निवड नगरसेवक करतात आणि पदाची मुदत अडीच वर्षे असते. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतो. परंतु कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे, तर आर्थिक मंजुरीचे बरेचसे अधिकार स्थायी समितीकडे असतात. विकास आराखड्याची अंतिम मंजुरी आणि मोठ्या योजनांचा निधी यांसाठी महापालिकेला राज्याच्या नगरविकास विभागावर अवलंबून राहावे लागते. त्यामुळे शहराच्या राजकारणात स्थिरावलेल्या नेत्याला विधानसभेची जागा ही केवळ बढती नसते. शहराच्या प्रश्नांची उत्तरे बहुधा तेथेच मिळतात.

== विधानसभा ==
शिवसेनेचे अनिल राठोड १९९० पासून सलग पाच वेळा अहमदनगर शहरातून निवडून आले होते. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्याने लढत बहुरंगी झाली. भाजपचे अभय आगरकर आणि काँग्रेसचे सत्यजित तांबे हेही रिंगणात होते. या मतविभागणीत जगताप यांनी राठोड यांचा ३,३१७ मतांनी पराभव केला. आमदार झाल्यावर त्यांनी सोडलेले महापौरपद पुढे अभिषेक कळमकर यांच्याकडे आले.

२०१९ मध्ये शिवसेना व भाजप यांची युती असतानाही जगताप यांनी राठोड यांना ११,१३९ मतांनी हरवले. २०२४ मध्ये त्यांच्यासमोर राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाकडून कळमकर हेच उभे होते. या वेळी जगताप यांचे मताधिक्य सुमारे ३९ हजारांवर गेले.

== २०१८ ची महापौर निवड आणि लोकसभा ==
डिसेंबर २०१८ च्या महापालिका निवडणुकीत ६८ जागांपैकी शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष असूनही शिवसेनेला महापौरपद मिळाले नाही. राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्यावर भाजपचे बाबासाहेब वाकळे महापौर झाले. पक्षाने या १८ नगरसेवकांना पक्षातून काढून टाकले. भाजपचे तत्कालीन आमदार शिवाजी कर्डिले हे जगताप यांचे सासरे असल्याने या घडामोडींत नातेसंबंधांचीही चर्चा झाली.

त्यानंतर काही महिन्यांतच पक्षाने जगताप यांना अहमदनगर लोकसभा मतदारसंघाची उमेदवारी दिली. भाजपचे सुजय विखे पाटील यांनी त्यांचा २,८१,४७४ मतांनी पराभव केला. जगताप यांना ४,२३,१८६ मते मिळाली. शहरापुरता भक्कम असलेला जनाधार ग्रामीण तालुक्यांत, विशेषतः साखर कारखाने व सहकारी संस्थांभोवती फिरणाऱ्या राजकारणात, अपुरा ठरला.

== पक्षफुटीनंतर ==
जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यावर जगताप अजित पवार यांच्या गटासोबत राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीची खरेदी केवळ हिंदू विक्रेत्यांकडून करावी, असे आवाहन त्यांनी केले. त्यावर टीका झाली आणि पक्षाध्यक्ष अजित पवार यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली.

दरम्यान, डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवक व महापौर नसलेल्या या काळात शहरातील नागरिकांसाठी आमदार हाच सर्वांत जवळचा निवडून आलेला प्रतिनिधी होता.