शेपटीचा प्रताप

ज्यांच्या घरी १९८०नंतरच्या दशकात दूरदर्शन संच आला, त्यांना एक दृश्य आठवत असेल. घरातला थोरला मुलगा गच्चीत चढलेला, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा तो सांगाडा दोन्ही हातांनी फिरवतो आहे आणि वरून ओरडतो आहे, "आलं का?" बहीण खिडकीत. ती आत विचारणार, आतून आजोबा सांगणार, "आलं होतं, गेलं!" आणि ती पुन्हा वर ओरडणार, "दादा, मगाचच्यासारखं धर!" कावळा बसला तरी चित्र हलायचे. त्या सांगाड्याचे खरे नाव यागी-उदा अँटेना. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोघांनी १९२६च्या सुमारास ती जगापुढे मांडली. आमच्या लेखी मात्र ते 'एरियल'च. आणि त्याचे शास्त्र एवढेच, की संच कितीही भारी असो, एरियल वाकडे तर पडद्यावर मुंग्या.

हे शास्त्र पुढे मी पार विसरलो. मराठीच्या प्राध्यापकाला त्याची गरज पडण्याचे कारणही नव्हते. ती पडली एका पावसाळ्यात, सह्याद्रीतल्या एका गडावरून उतरताना.

विद्यार्थ्यांबरोबर आम्ही दोघे शिक्षक होतो; मी आणि आमचे पदार्थविज्ञानाचे एक स्नेही. हे गृहस्थ 'हॅम', म्हणजे हौशी बिनतारीवाले. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचे संकेतनाव मिळवायचे आणि मग ठरवून दिलेल्या लहरींवर देशोदेशींच्या समानधर्मी मंडळींशी बोलत बसायचे, असा हा छंद. वयाची बारा वर्षे पुरी झालेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते. परवान्यावाचून मात्र तो संच नुसता जवळ बाळगणेही गुन्हा आहे, हे हौसेने बाजारात धावणाऱ्या पालकांनी आधी ध्यानात घ्यावे. आमच्या स्नेह्यांच्या पाठपिशवीत असा हातात मावणारा पाच वॅटचा संच होता. वाटेत पोरांनी त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा केली होती. "सर, मोबाइलच्या जमान्यात हे काय?"

दुपारी तीनच्या सुमारास एका मुलीचा पाय शेवाळलेल्या कातळावरून सटकला. घोटा बघता बघता सुजला; पाऊल टेकवेना. धुके उतरलेले, पाऊस थांबलेला नव्हता आणि बावीस जणांच्या बावीस मोबाइलांवर रेंजचे नाव नाही. तेव्हा तो संच बाहेर आला.

पुण्याकडच्या एका डोंगरावर या मंडळींचे पुनःक्षेपण केंद्र होते. ते एका लहरीवर ऐकते आणि तेच शब्द त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोराने पुन्हा सोडते. त्याचा आवाज आम्हाला शेजारच्या खोलीतून यावा इतका स्पष्ट येत होता. सरांनी हाक दिली. उत्तर आले, "कोण आहे? तुटक येतंय. काही समजत नाही." पुन्हा हाक, पुन्हा तेच. आम्हाला ते ऐकू येत होते. आम्ही त्यांना नाही. त्या मुलीने तोवर रडणे थांबवून संचाकडे टक लावली होती, आणि त्या पाहण्याने माझ्या पोटात जास्त कालवाकालव झाली.

"सर, पॉवर वाढवा ना," कोणी म्हणाले.

"आहे ती पूर्ण आहे," असे म्हणून त्यांनी पिशवीच्या कप्प्यातून हातभर वायर काढली. तिच्या एका टोकाला बारीक कडी होती. संचाची आखूड रबरी अँटेना फिरवून काढली, कडी तिच्या बुडाशी अडकवली, अँटेना पुन्हा आवळली. वायर खाली शेपटीसारखी लोंबू लागली. मग पन्नासेक पावले वर जाऊन, जिथून सपाटीची बाजू उघडी पडत होती अशा कड्यावर ते उभे राहिले, संच डोक्याच्या वर उभा धरला, आणि वायरचा छोटा माइक तोंडाशी घेऊन बोलले.

"हां, आता येताय. बोला, लिहून घेतो."

त्या न पाहिलेल्या माणसाने पुण्यातून फोन फिरवले. अंधार पडायच्या आत पायथ्याच्या गावातली चार माणसे डोली घेऊन वर आली.

त्या शेपटीचे मर्म पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चहा घेताना मला कळले. प्रत्येक लहरीला लांबी असते. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की ती मीटरमध्ये मिळते. आपल्याकडचे हॅम १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात हातातला संच वापरतात. म्हणजे लहर सुमारे दोन मीटरची. तिच्या चौथ्या हिश्श्याची तार, थोडी काटछाट धरून ४९ सेंटिमीटर, ही चांगली अँटेना. पण खिशाला ४९ सेंटिमीटर कशी झेपणार? म्हणून कारखानदार ती तार स्प्रिंगसारखी गुंडाळतात, वर रबर चढवतात आणि वीतभर लांबीत बसवतात. सोय झाली, पण पाच वॅटांपैकी बरीच शक्ती हवेत जाण्याऐवजी तिथेच जिरते.

दुसरी गोम अशी, की चौथ्या हिश्श्याच्या अँटेनेला एक अंग पुरत नाही, दोन लागतात. एक वरची तार. दुसरे खाली, जमिनीच्या जागी. मोटारीच्या टपावर चुंबकाने बसवलेल्या अँटेनेला ते काम टपाचा पत्रा करतो. हातातल्या संचाला पत्रा कुठला? तिथे संचाचा डबा आणि तो धरणाऱ्याचा हात हेच दुसरे अंग. म्हणजे अर्धी अँटेना आपणच! ती शेपटी हे राहिलेले अंग पुरे करते. तीही ४९ सेंटिमीटरच. इंग्रजी मुलखातले हॅम तिला वाघाची शेपटी म्हणतात, कोणी उंदराची. मला आपला मारुती आठवला.

"पण मग दहा वॅटचा संच घेतला तर?" मी विचारले.

"सर, घसा फोडून बोललात म्हणून समोरच्याचं तुम्हाला जास्त ऐकू येतं का?" ते म्हणाले. वॅट वाढवले तर नुसते बोलणे वाढते, तेही नाममात्र. पाचाचे दहा झालेले पलीकडच्याच्या कानाला जेमतेम जाणवतात. अँटेना सुधारली तर तोंड आणि कान दोन्ही सुधारतात. उंचीचा हिशेब त्याहून सोपा. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढा आणि चाराने गुणा, की या लहरींचे क्षितिज अंदाजे किलोमीटरमध्ये येते. माणसाच्या उंचीवरून पाच-सहा किलोमीटर. शंभर मीटर वरून चाळीस.

पुढल्या वर्षी मी परीक्षेला बसलो. (दहावीनंतर प्रथमच ओहमचा नियम पाठ केला, आणि घरच्यांनी तो म्हणूनही घेतला.) संच आला, त्याबरोबर नव्या अँटेनेचा मोहही आला, आणि इथे माझी जी फजिती झाली ती सांगितली तर कोणाचे चार पैसे वाचतील.

पहिली अँटेना आणली ती संचावर बसेचना. दोन्हीकडे आटे बाहेरून! सारख्या दिसणाऱ्या या जोडाला नर आणि मादी असे दोन प्रकार असतात आणि काही संचांवर एक, काहींवर दुसरा असतो. आपला संच हातात घेऊन बघावे आणि मगच मागवावी. दुसरी आणली ती एका नावाजलेल्या अँटेनेची नक्कल निघाली. लांबी तीच, पण मूळ रबरी बोटाहून उजवी नाही. तिसरी ओढून मीटरभर लांब होणारी, लहरीच्या अर्ध्या लांबीची. हिला शेपटीची फारशी गरज लागत नाही आणि डोंगरावर हिचे काम उत्तम. पण खिशात ठेवून वाकलो तेव्हा तिच्या वजनाने संचाचा तो नाजूक जोड कलला आणि दुरुस्तीला अँटेनेहून जास्त खर्च आला.

सर्वांत मौज झाली ती घरी. लांब अँटेना लावून गॅलरीत बसलो तर ऐकू यायचे ते उलट कमी झाले! शहरात नभोवाणीची आणि आणखी कितीतरी केंद्रे जवळ असतात. स्वस्त संचाचा कान मोठा केला की त्यांचा गोंगाट आधी आत शिरतो आणि दूरचा क्षीण आवाज त्यात बुडतो. पुनःक्षेपण केंद्र जवळ असेल तर शहरात ते आखूड रबरी बोटच बरे, हे कळायला मला दोन महिने लागले. आणि कुठलीही अँटेना असो, ती उभी धरावी. तोंडाशी नेताना आपण संच तिरका करतो. समोरच्याची उभी आणि आपली आडवी झाली की आवाज कमालीचा पडतो. अँटेना काढून ठेवून बोलण्याचे बटण दाबू नये, संच जळण्याचा संभव असतो. विजा चमकत असताना कड्यावर तर जाऊच नये. त्या दिवशी विजा नव्हत्या.

माझी सध्याची आवडती अँटेना मात्र विकतची नाही. दूरदर्शनच्या त्या जुन्या सांगाड्यातून संचाकडे यायची ती चपटी, दोन तारांची फीत आठवते? तिचा दीड मीटरच्या आतला तुकडा घ्यायचा, खालच्या टोकाला दोन्ही तारा जोडायच्या, एका तारेला ठरावीक जागी छेद द्यायचा आणि खालच्या बाजूला मापाने केबल डकवायची. इंग्रजी 'जे' अक्षराच्या घडणीची ही अँटेना गुंडाळली तर टोपीत मावते, आणि दोरीने झाडाच्या फांदीवर चढवली तर माणसाच्या हातापेक्षा कितीतरी उंच जाते. माळ्यावरची फीत मी शोधून काढली तेव्हा वडील म्हणाले, "टाकली नव्हती ना मी? म्हणत होतो, लागेल."

ती आता गॅलरीच्या गजाला टांगलेली असते. घरच्यांचे म्हणणे, दोरी आहे तर निदान रुमाल तरी वाळत घालू द्या. परवा रात्री मात्र सगळेच तिच्याखाली जमले होते. चारशे किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले हॅम केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलते आणि स्थानक डोक्यावरून जाणार होते. मधे डोंगर नाही, इमारत नाही. गडावरून पुणे गाठण्यापेक्षा हे सोपे. धाकटी संच कानाशी धरून बसली होती. खरखर, खरखर, आणि मग तिने एकदम हात वर केला. वडील आतून खुर्चीवरूनच ओरडले, "आलं का?"