डोक्यावरून गेलेलं विमान कोणतं, आणि निघालं कुठे?

सांताक्रूझ, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर या भागांत राहणाऱ्यांच्या डोक्यावरून दिवसभर एकामागून एक विमानं जातात. घरी आलेला पाहुणा विचारतो, "हे कुठलं हो?" आणि आपण ठोकून देतो, "समुद्राकडे गेलं ना, मग दुबईचं असणार." हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. विमानाचं तोंड पश्चिमेला असलं तरी ते दिल्लीला निघालेलं असू शकतं, नागपूरलाही. तेव्हा विमान ओळखायचं तर सुरुवात विमानापासून नको, वाऱ्यापासून करावी.

विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि उतरतंही तसंच. समोरून वारा आला की पंखांना उचल लवकर मिळते आणि कमी धावपट्टी पुरते. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्यामुळे सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीवरून विमानं पश्चिमेकडे तोंड करून उडतात, मग जायचं कुठेही असो.

धावपट्टीचे आकडेही इथेच समजून घेऊ. होकायंत्रानुसार धावपट्टीची दिशा अंशांत घ्यायची, जवळच्या दहाच्या पटीत आणायची आणि शेवटचं शून्य काढून टाकायचं. पश्चिम म्हणजे २७० अंश, म्हणून '२७'. तीच पट्टी उलट बाजूनं वापरली की '०९'. मुंबईत हिला छेदणारी दुसरी पट्टी आहे, तिचे आकडे १४ आणि ३२. मुख्य पट्टी बंद असली की ही दुसरी वापरात येते आणि एरवी शांत असलेल्या अंधेरी-वर्सोव्याकडे अचानक आवाज वाढतो. "आज विमानांनी रस्ता बदलला का?" याचं उत्तर बहुधा हेच असतं.

आता विमान चढतंय की उतरतंय ते पाहा. २७ वापरात असताना उतरणारी विमानं पूर्वेकडून, ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि उडणारी जुहूवरून समुद्रावर जातात. म्हणजे घाटकोपरच्या गच्चीवरून खाली येणारी विमानं दिसतात आणि जुहूच्या वाळूतून वर जाणारी. उतरणाऱ्या विमानाची चाकं बाहेर असतात, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा पूर्ण खाली झुकलेल्या असतात. साधारण तीन अंशांच्या उतारानं ते येतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली. धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर ते अंदाजे १७० मीटर उंचीवर असतं, म्हणून तिथे ते इतकं जवळ वाटतं. उडणारं विमान मात्र जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच चाकं आत घेतं.

उड्डाणानंतरचा रस्ता वैमानिक मनानं ठरवत नाही. प्रत्येक धावपट्टीसाठी आधीच आखून छापलेले निर्गमन-मार्ग असतात. आकाशातल्या ठरलेल्या बिंदूंना पाच अक्षरी नावं दिलेली असतात आणि मार्ग त्या बिंदूंवरून जातो. कोणत्या बिंदूपर्यंत किती उंची गाठायची हेही बहुधा नेमून दिलेलं असतं. गर्दी असली की नियंत्रक विमानाला मार्गावरून बाजूला काढून थेट दिशा देतो, म्हणून एकाच गावाची दोन विमानं वेगळ्या वाटेनं जाताना दिसू शकतात. आपल्यासाठी कामाची गोष्ट म्हणजे पहिलं मोठं वळण. समुद्रावर गेल्यावर विमान उजवीकडे वळलं तर सहसा उत्तरेकडे, डावीकडे वळलं तर दक्षिणेकडे. वळण पाहिल्याशिवाय गाव सांगू नये.

दिशा कळली की आकार. इथे घाई नको, कारण खरी मजा याच टप्प्यात आहे. पंख पोटाच्या वर, पंखे फिरताना दिसतात आणि शेपटी इंग्रजी 'टी'सारखी, असं असेल तर ते एटीआर. हे सगळ्यात सोपं. अवघड जोडी असते एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ यांची, कारण दोन्ही जवळजवळ सारख्याच मापाची. विमान डोक्यावर आलं की त्याचं पोट नीट पाहा. ७३७ च्या मुख्य चाकांवर झाकण नसतं. चाकं आत गेल्यावरही पोटाखाली दोन काळी वर्तुळं शेजारी शेजारी स्पष्ट दिसतात. ए-३२० चं पोट मात्र झडपांनी पूर्ण बंद होतं. बाजूनं दिसलं तर ७३७ च्या उभ्या शेपटीच्या पायथ्याशी एक उतरता तिरका तुकडा असतो. ए-३२० ची शेपटी पाठीतून सरळ उभी राहते.

मोठ्या विमानांत ७७७ ची खूण चाकांत आहे. उतरताना प्रत्येक बाजूला सहा चाकांचा गट लटकलेला दिसतो, ७८७ ला चारचा. ७८७ चे पंख उडताना टोकाकडे छान वर वाकतात आणि इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. ए-३५० च्या वैमानिकाच्या खिडक्यांभोवती काळा पट्टा असतो, डोळ्यांवर गॉगल चढवावा तसा.

सर्वात जास्त फसवते ती उंची. ७७७ चा लांब प्रकार सुमारे ७४ मीटर, ए-३२० जेमतेम ३७.६ मीटर. दुप्पट उंचीवरचं ७७७ आपल्याला ए-३२० एवढंच दिसतं, आणि मोठं विमान नेहमी संथ भासतं. "फारच खालून गेलं" या तक्रारींत अशी गफलत पुष्कळदा असते. आवाजही मागे राहतो. एक किलोमीटर वरचा आवाज कानी पोहोचायला सुमारे तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान दोन-तीनशे मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाजाच्या थोडं पुढे पाहावं.

रंगावर शेवटी विसंबावं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तरी तिच्या जुन्या रंगातली विमानं त्यानंतरही एअर इंडियाची म्हणून उडत राहिली. भाड्यानं घेतलेलं विमानही कधी मूळ मालकाच्याच रंगात येतं. नोंदणीची अक्षरं वाचता आली तर तीच खरी. भारतीय विमानांची सुरुवात 'व्हीटी'नं होते. रात्री रंग दिसतच नाही, तेव्हा दिवे पाहावेत. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. पंखाच्या टोकाचा पांढरा दिवा एअरबसवर सहसा पटकन दोनदा चमकतो, बोइंगवर एकदा.

एवढं झाल्यावर मोबाइलवरचं फ्लाइटरडार२४ सारखं ॲप उघडावं. विमान स्वतःची जागा, उंची आणि ओळख रेडिओवरून सतत प्रक्षेपित करतं, जमिनीवरचे रिसीव्हर ती माहिती पकडतात आणि ॲप दाखवतं. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली उंचीची. हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल आहे असं धरून ही उंची मोजलेली असते. जुलैत मुंबईत दाब त्याहून सुमारे दहानं कमी असतो, तेव्हा ॲपवरची उंची खऱ्यापेक्षा अडीच-तीनशे फूट जास्त दिसते. दुसरी चूक वेळेची. जुन्या नोंदी पाहताना बहुधा जागतिक वेळ असते, तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. तिथली रात्रीची ८.३० म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची पहाटेची २. आवाजाची तक्रार करायची असेल तर हे आधी तपासावं, नाहीतर तारीखच चुकते.

पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्याचा दाबोळी नौदलाचा. तिथली लढाऊ विमानं ॲपवर दिसली नाहीत तर ॲप बिघडलं असं समजू नये. लष्करी विमानांना स्वतःची ओळख प्रक्षेपित करण्याची सक्ती नसते.

विमानतळाच्या कुंपणाशी किंवा लष्करी तळाजवळ कॅमेरा रोखून उभं राहू नका, तिथे चौकशी होते. घरच्या गच्चीवरून साधी दुर्बीण पुरते. आणि मुलांच्या हातात लेझरचा दिवा असेल तर तो आकाशाकडे वळवू देऊ नका. उतरण्याच्या शेवटच्या मिनिटात तो उजेड काचेवर पसरतो आणि वैमानिकाला धावपट्टी दिसेनाशी होते.