वादळ विरलं, पाऊस उरला
बंगळुरूला समुद्र नाही, तरी बंगालच्या उपसागरातलं वादळ इथे छत्री काढायला लावतं. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकलं आणि पुढे सरकायचं सोडून तिथेच काही तास रेंगाळलं. वादळ आपल्या पायांनी फारसं चालत नाही. भोवतालचे, वरच्या थरांतले वारे त्याला ढकलतात. तेच मंदावले की हवामान खात्याला वाट सांगणं अवघड जातं. जमिनीवर जोर ओसरणार, हे सांगणं त्यामानाने सोपं: उबदार समुद्राच्या वाफेचा पुरवठा तुटतो, वादळाचं कमी दाबाचं क्षेत्र होतं. वारा पडतो, पाऊस मात्र थांबत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला बंगळुरूत तो बरसलाच. तेव्हा ‘वादळ क्षीण झालं’ असं ऐकलं, तरी पावसाचा इशारा वाचून मगच बाहेर पडा.