हुमणीच्या बंदोबस्तासाठी उपकारक सूत्रकृमी

वळवाचा पाऊस होताच हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब व बाभळीवर जमतात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या बेळगाव परिसरातील ऊस व भुईमुगाची मुळे कुरतडतात. पीक वाळू लागल्यावरच उपद्रव ध्यानी येतो. परंतु तोवर अळी मोठी व चिवट झालेली असते.

मातीआडच्या या शत्रूचा माग मातीतीलच सूक्ष्म सूत्रकृमी काढू शकतात. यांपैकी ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ या जातीचे शास्त्रीय वर्णन कोइमतूर येथील नमुन्यांवरून १९९२ साली प्रसिद्ध झाले. हे कृमी अळीच्या शरीरात शिरून आपल्याबरोबरचे जिवाणू सोडतात. त्यामुळे अळी साधारणतः दोन दिवसांत मरते आणि तिच्या शरीरात वाढलेली कृमींची नवी पिढी पुढील भक्ष्याच्या शोधात निघते. पिकांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी निराळे. हे कृमी पिकास, मनुष्यास वा गांडुळांस अपाय करीत नाहीत.

तथापि हे औषध सजीव आहे. ऊन व कोरडेपणा त्यास मारक ठरतो. म्हणून अळ्या लहान असतानाच, सायंकाळी, ओल्या जमिनीत मुळांशी ते द्यावे व पुढे काही दिवस ओल टिकवावी. खरेदी करताना वापराची मुदत अवश्य पाहावी. मृत कृमींची पुडी म्हणजे केवळ भुकटी होय.